मनमोहन नवलकरांचा बंपर

मनमोहन नवलकर गिरगावात आमच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क. घराणं जुनं, मुंबईतलंच. आजोबांच्या वेळी माहीमकडे नारळाची वाडी होती म्हणे. ती गेली आणि मागे नोकरी तेवढी राहिली. माणूस शांत. संध्याकाळी गॅलरीत आरामखुर्ची टाकून पेपर वाचायचा. धाकट्या भावावर, जगदीशवर, आवाज चढायचा तोही पेपरची पानं उलटीसुलटी केली म्हणून.

छप्पन सालच्या जानेवारीत मराठी राज्याच्या मागणीवरून मुंबई पेटली. जगदीश दुपारी मोर्चा बघायला कोपऱ्यापर्यंत गेला आणि गोळीबारात सापडून गेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. मनमोहनरावांनी त्याला हॉस्पिटलातून घरी आणलं, सगळं रीतीनं केलं, आईला सावरलं. ते स्वतः रडलेले कुणी पाहिले नाहीत. पण त्या दिवसापासून माणूस बसेना.

बसेना म्हणजे खरोखरच बसेना. ऑफिसातून चालत घरी, घरून चालत पार शिवाजी पार्कच्या सभेला. सभेत सगळ्यात मागे उभे, आणि भाषण रंगात आलं की परत फिरलेच. जेवताना मध्येच उठून नळ बंद आहे का बघून यायचे. त्यांची बायको दुर्गावहिनी म्हणायची, "अहो, घटकाभर टेका तरी."

"टेकतो," म्हणायचे आणि चपला घालायचे.

सत्तावनच्या निवडणुका तोंडावर आल्या तेव्हा राज्याच्या मागणीसाठी लढणाऱ्या समितीच्या कामातल्या दोघा मित्रांबरोबर त्यांनी एक जीप घेतली. लढाईनंतर लिलावात निघालेली, रंग उडालेली गाडी. तिच्यावर कर्णा बांधायचा आणि रविवारी मुरबाडकडच्या गावांत प्रचाराला जायचं असं ठरलं. मनमोहनरावांना गाडी चालवता येत होती. वाडीला वाटलं, चला, यांच्या पायांना काम मिळालं.

पहिल्याच फेरीला घात झाला. मुरबाडच्या पुढे रस्ता नव्हताच, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. एका ओढ्यात उतरताना जीपचं नाक दगडावर आपटलं. बंपरची पत्र्यासारखी पट्टी दुमडून आत रेडिएटरमध्ये घुसली. गावकऱ्यांनी बैल लावून गाडी वर काढली. सभा झालीच नाही. लालबागच्या गॅरेजवाल्यानं रेडिएटर लगेच बदलून दिला, पण मजबूत बंपर घडवायला महिना लागेल म्हणाला.

"महिन्यानं निवडणूक संपलेली असेल," मनमोहनराव म्हणाले. "बंपर मी करतो."

"तुम्ही?" गॅरेजवाला हसला.

त्या गॅरेजच्या मागच्या चाळीत बुधाजी तांबे राहायचे. परळच्या एका कारखान्यात वेल्डर. चार महिन्यांपूर्वीच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. खोलीत देवांची जागा रिकामी करून बुद्धाची तसबीर लावली होती. गोष्टीवेल्हाळ माणूस, चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत. मनमोहनराव त्यांच्या दारात उभे राहिले, आत येईनात.

"मला वेल्डिंग शिकायचंय. आणि घरी ठेवायला मशीन घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

"आधी बसा तरी," बुधाजी म्हणाले.

"बोला तुम्ही, मी ऐकतोय."

बुधाजींनी दोन वाटा सांगितल्या. एक गॅसची: पाणी पडलं की गॅस सुटतो तो कार्बाइडचा डबा, ऑक्सिजनची टाकी आणि नळी. वीज लागत नाही, कुठेही नेता येतं, सेट उद्या मिळेल. पण जाड लोखंडाला फार वेळ लागतो, तापून ते वाकतं, आणि कार्बाइडशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी विजेची: तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर. जाड कामाला तोच हवा. मात्र घरातल्या दिव्याच्या लाइनवर तो चालत नाही, पॉवरची लाइन पाहिजे.

"बंपरला ट्रान्सफॉर्मरच घ्या. हप्ताभर थांबा, मी चांगला जुना बघून देतो."

"गॅसचा उद्या मिळेल ना?"

"मिळेल, पण..."

"मग तोच."

सेट आला. बुधाजी दोन संध्याकाळी येऊन ज्योत कशी धरायची ते दाखवून गेले, आणि आपण नसताना पेटवू नका असं बजावून गेले. रविवारी सकाळी त्यांना यायला उशीर झाला. मनमोहनरावांना कुठला धीर! वाडीच्या मागे विहिरीजवळ त्यांनी वडाळ्याच्या भंगारातून आणलेलं लोखंडी चॅनल, पन्हळीसारखा जाड दांडा, मांडलं आणि ज्योत लावली. आम्ही लांबून बघत होतो. थोडा वेळ बरं चाललं. मग घाईत नळीचं तोंड लोखंडाला टेकलं आणि फाट्कन आवाज झाला. लगेच दुसरा.

वरून दार आपटल्याचं ऐकू आलं. मनमोहनरावांची आई, राधाबाई, अनवाणी जिना उतरून धावत आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला. विहिरीकडे बघितलंही नाही. सरळ वाडीच्या फाटकापर्यंत गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडू लागल्या, "जगू! आत ये रे! जगू, आधी आत ये!"

रस्त्यावरची माणसं थांबली. दुर्गावहिनी मागून धावली, तिनं सासूबाईंना धरलं. त्या तिला ढकलत होत्या. मनमोहनरावांनी टाकी बंद केली आणि ते आईजवळ गेले.

"आई, मी होतो. माझ्या मशीनचा आवाज होता."

राधाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग त्याला का नाही आत घेतलंस?"

दुर्गावहिनीनं त्यांना वर नेलं.

दुपारीच मनमोहनरावांनी हातगाडी केली. सेट चढवला आणि गाडीवाल्याच्या बरोबरीनं स्वतः ढकलत गिरगावातून लालबागला नेला. बुधाजींनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी रिकामी करायला लागले. झालेलं सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर बघतो. पण ह्यावेळी मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

पॉवरच्या लाइनचा प्रश्न अप्पांनी सोडवला. अप्पांची पिठाची गिरणी वाडीच्या तळमजल्यावर होती. रविवारी दुपारी गिरणी बंद असायची, तेवढा वेळ लाइन वापरा म्हणाले. ट्रान्सफॉर्मर आला. तो सुरू करण्याआधी मनमोहनराव वर गेले आणि आईला हात धरून खाली घेऊन आले. गिरणीच्या ओट्यावर, उजेड डोळ्यांवर येणार नाही अशी, पाठ करून बसवलं.

"आवाज ऐक. असा येत राहील. तुला नको असेल तर आत्ताच परत करतो."

बुधाजींनी तोंडासमोर वेल्डिंगची काळी काच धरून रॉड टेकवला. चर्र आवाज सुरू झाला, एकसारखा.

राधाबाई ऐकत राहिल्या. "कुरडया तळतायत जसं काही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मनू, हे जगूसाठी चाललंय का रे?"

"नाही गं. मला घरात बसवत नाही, म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही नाही बसवत. कर."

काम सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी काच बाजूला करून बघायच्या नादात मनमोहनरावांचे डोळे असे सुजले की दोन दिवस दुर्गावहिनी त्यांवर दुधाच्या घड्या ठेवत होती. त्यांचे सांधे वरून गुळगुळीत दिसत, आणि बुधाजींनी हातोडी मारली की उकलत. "वरची खपली काढल्याशिवाय दुसरा थर देताय तुम्ही. लोखंडाला निवू द्या जरा." मनमोहनराव चिडायचे, गिरणीला दोन फेऱ्या मारून यायचे, पुन्हा काच उचलायचे. वाकडे सांधे कापून पुन्हा जोडले. मधल्या रविवारी मित्र दुसऱ्याच्या गाडीनं प्रचाराला गेले, हे मात्र थांबले. शेवटी चॅनलचा आडवा दांडा, त्यावर पाइप, दोन्ही टोकांना दोर बांधायला कड्या असा बंपर उभा राहिला. बुधाजींनी तो ठोकून पाहिला, मग स्वतःच जीपवर चढवला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी ते चौघं गेले. बुधाजीही बरोबर होते. एका घसरणीवर ब्रेक लागेना. जीप कड्याच्या बाजूला घसरत गेली आणि सागाच्या बुंध्यावर आदळून थांबली. पुढे सरळ दरी. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. खाली उतरून बुधाजींनी बंपर तपासला. एक सांधा चिरला होता, बाकीचे धरून होते.

"हा सांधा माझा?" मनमोहनरावांनी विचारलं.

"कुणाचा म्हणून काय विचारता? दोर काढा."

कडीला दोर बांधून गावकऱ्यांनी गाडी मागे ओढली. त्या संध्याकाळी सभा झाली. मनमोहनरावांना बोलायला सांगितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कर्ण्याची तार धरून उभे राहिले.

निवडणूक संपली, पण मशीन परत गेलं नाही. पुढच्या वर्षी मनमोहनरावांनी नोकरी सोडली. बुधाजींनी परळचा कारखाना सोडला, आणि दोघांनी मिळून वडाळ्याला मिठागरांच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. जीपचे आणि ट्रकचे बंपर, कॅरियर तिथे होऊ लागले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. दोघांची भांडणंही व्हायची, कारण मनमोहनराव एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला हात घालत, आणि बुधाजी तेच निस्तरत.

साठ साली मराठी राज्य झालं. संध्याकाळी शिवाजी पार्कची रोषणाई बघायला राधाबाईंना जायचं होतं, म्हणून मनमोहनरावांनी जीप काढली. दुर्गावहिनीही निघाली. गर्दीच्या कडेला गाडी लावली. माणसं नाचत होती, अनोळखी लोक पेढे हातात ठेवत होते. राधाबाईंनी एक पेढा घेतला, तो न खाता हातातच धरला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बघितलं. चल."

"घरी?"

"घरी नको."

मनमोहनरावांनी दुर्गावहिनीकडे पाहिलं. ती मागच्या बाकावर सरकून बसली. त्यांनी गाडी वळवली आणि वडाळ्याच्या शेडच्या रस्त्याला लावली.