अजितचा निम्मा स्कोअर

माझा नवरा अजित देव मानत नाही. नुसतं मनातल्या मनात नाही, चारचौघांत वाद घालून. लग्नाच्या होमात याने भटजींना अडवून मंत्रांचे अर्थ विचारले होते, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. दसऱ्याला मी शिवणयंत्राला हळदकुंकू लावलं की, आता ते आपोआप शिवेल, म्हणून हसतो.

हा फोर्टमधल्या एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्या वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते ऑफिसच बंद झालं. अजित ना रडला ना चिडला. बरं झालं, आता नवं काहीतरी शिकेन, म्हणाला आणि वर्षभरात खरंच शिकला. न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारी फिल्म कॉम्प्युटरवर करायला लागला. परळच्या एका स्टुडिओने घरून काम द्यायचं कबूल केलं. अट एवढीच, की घरचं मशीन ते काम पेलतं हे दाखवायचं. त्यांनी सांगितलेली चाचणी मशीनवर चालवायची आणि तिचा स्कोअर सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा. अजितने त्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि रविवारी सकाळी, मी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला गेले होते तेव्हा, स्वतःच बसवलं.

चाचणी चालवली तर स्कोअर निम्मा. पुन्हा चालवली, तरी निम्माच.

आमची मुलगी नूपुर बंगळुरूला असते. ती व्हिडिओ कॉलवरून एकेक सांगत गेली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकलं. मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, ते पाहिलं. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. स्कोअर हलेना. मी कोलंबीचं भानोलं केलं होतं, ते ताटात तसंच राहिलं. दुकानदाराने फसवलं असं समजून मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अजित मात्र पुन्हा पुन्हा चाचणीच चालवत बसला.

सोमवारी दुपारी नूपुरने पुन्हा कॉल करून चाचणी चालू असताना कार्डाचं तापमान बघायला सांगितलं. आकडा भराभर चढत गेला. कार्ड इतकं तापत होतं, की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करत होतं. म्हणजे कार्डाला गार ठेवणाऱ्या त्याच्यावरच्या पंख्यांचंच काहीतरी बिनसलं होतं. अजितने मशीन बंद केलं, कार्ड काढलं आणि उलटं करून खिडकीशी धरलं.

एका पंख्याच्या पात्याशी तांदळाचे दाणे रुतून बसले होते. लाल. ओल्या कुंकवासकट चिकटून वाळलेल्या अक्षता.

मी थक्क झाले. "आई, कार्डाची पूजा कोण करतं गं?" नूपुर म्हणाली. अजितने मान वर केली नाही. माझं डोकंच फिरलं.

"मी त्याला हातही लावलेला नाही," मी म्हटलं. "आणि वरून अक्षता टाकल्या तरी तिथे जातील कशा? मशीनमध्ये पंख्यांची तोंडं खाली असतात. कार्ड बसवायच्या आधीच कुणीतरी..."

बसवायच्या आधी ते कार्ड एकाच माणसाच्या हातात होतं.

अजितचे कान लाल झाले होते. "देव्हाऱ्यासमोर ठेवलं होतं," तो म्हणाला. "तू यायच्या आधी."

आमच्या घरात कुंकवाचा करंडा कुठे असतो, हे याला ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी बाहेर पडल्यावर हा माणूस वाटीत तांदूळ भिजवत होता. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र येईचना.

नूपुरने फोन ठेवला. अजितने चिमट्याने एकेक दाणा काढला, पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि कार्ड परत बसवलं. या वेळी स्कोअर हवा होता त्याहून जास्तच आला. त्याने तो पाठवला, आणि अंधार पडायच्या आत स्टुडिओचा होकारही आला. गेलं वर्षभर याच्याबरोबर रोज चहा प्यायले, याचे विनोद ऐकले, आणि मला कशाचा पत्ता नव्हता.

"काय मागितलंस रे?" मी विचारलं.

"मागता येईना. सवय नाही ना," तो म्हणाला. "नुसते हात जोडून उभा राहिलो. फार घाबरलो होतो गं, मृणालिनी."