दोघं तुरुंगात गेले, सत्कार एकाचाच

माझे यजमान ड्रायव्हर. आम्ही निलंग्याचे, मी अंगणवाडी सेविका. आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातला पोरगा कबड्डीत फार पुढं गेला. टीव्हीवर ज्यांचे सामने दाखवतात त्या संघांपैकी एकानं त्याला घेतलं. पहिली मोठी गाडी आली तेव्हा ती चालवायला त्यानं यांना ठेवून घेतलं. पाच वर्षं हे त्याच्याबरोबर फिरले. तो यांना मामा म्हणायचा, मला मामी. घरी आला की वांग्याची भाजी करायला लावायचा आणि चार-चार भाकरी खायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुक होतं. आमचे हे कुणाची गाडी चालवतात, हे मी शेजारणींना मुद्दाम सांगायची.

हदगावला एक स्पर्धा होती. बक्षीस द्यायला त्याला बोलावलं होतं. दुपारी जेवणं झाली, जेवणाआधी दारू झाली. निघताना त्यानं किल्ली मागितली. हे नको म्हणाले.

"मामा, गाडी कुणाची हाय?" तो म्हणाला.

यांनी किल्ली दिली. ही गोष्ट मी लपवत नाही. नोकरी करणाऱ्या माणसानं तिथं काय करायला हवं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण यांनी किल्ली दिली हे खरं.

वाटेत पेट्रोल भरलं. दिवस मावळायला आला होता. रस्त्याच्या कडेनं एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. हदगावच्या बाजार समितीत तो मापाडी होता, शेतकऱ्यांचा माल वजन करायचा. दिवसभराचं काम उरकून घराकडं निघाला होता. गाडीनं त्याला उडवलं. "थांबवा, थांबवा," हे ओरडले. त्यानं गाडी थांबवली नाही. बरंच पुढं गेल्यावर एका बाभळीखाली थांबवली आणि यांचे पाय धरून रडायला लागला.

"माझा खेळ संपंल, मामा. तुम्ही सांगा, मी चालवत होतो म्हणून. दोन दिवसांत सोडवून आणतो."

लोकांना वाटतं यांनी पैसे घेतले. घेतले असते तर लोकांना ते समजायला सोपं गेलं असतं. यांनी काहीच घेतलं नाही. पाच वर्षं ज्याला पोरासारखं सांभाळलं तो पाय धरून रडतोय, एवढंच यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन हे म्हणाले, गाडी मी चालवत होतो.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. त्या दिवसांत त्याचा फोन लागत नव्हता. मग पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात स्टिअरिंगवर बसताना तो दिसला आणि सगळं उघडं पडलं. यांनी खरं सांगितलं, पण उशिरा. मापाडी मेला होता; खेळाडूला तीन वर्षांची शिक्षा झाली. यांना खोटी माहिती देऊन पोलिसांची दिशाभूल केली म्हणून एक वर्ष. शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. दोघांनी केलं, दोघांनी भोगलं. माझी तक्रार आहे ती नंतरची.

हे सुटून आले तेव्हा घ्यायला मी एकटी गेले होते. आम्ही एसटीनं घरी आलो. महिनाभरानं हे कामाला लागावं म्हणून लातूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं गेले. जुनी ओळख होती. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "तुमी आत जाऊन आलेले. उद्या गिऱ्हाइकानं इचारलं तर मी काय सांगू?" असं तीन-चार ठिकाणी झालं. एकानं तर तोंडावर सांगितलं, खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातात गाडी देणार नाही. हे परत येऊन ओसरीवर बसायचे आणि पेपर उलटसुलट वाचायचे. पुढं दोन वर्षं यांनी मिळेल ते काम केलं. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर, एरवी दुसऱ्याच्या रानात मजुरी.

मग तो सुटला. निलंग्याच्या चौकात त्याचा फोटो लागला, माणसापेक्षा मोठा. त्यावर लिहिलं होतं, ढाण्या वाघाचं पुनरागमन. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. मी बाजारातून येताना थांबून एकेक चेहरा पाहिला. यांना नको म्हणणारा तो ट्रॅव्हल्सवाला तिसऱ्या ओळीत हात जोडून हसत होता.

लातूरला मैदानावर सत्कार ठेवला होता. मी बघायलाच गेले. जेसीबीतून त्याच्यावर फुलं टाकली. माईकवर एक गृहस्थ म्हणाले, चूक प्रत्येकाकडून होते, खेळाडूला दुसरी संधी मिळायलाच हवी. टाळ्या वाजल्या. मेलेल्या माणसाचा उल्लेख पूर्ण कार्यक्रमात कुणी केला नाही. चूक, अपघात, वाईट काळ, कठीण प्रसंग, सगळे शब्द आले. माणूस आला नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बिचाऱ्यानं लई सोसलं." मी उठून बाहेर आले.

दुसरी संधी मिळू नये असं मी म्हणत नाही. तुरुंगातून आलेल्या माणसानं खायचं काय? मी ज्याच्याबरोबर संसार करते तो माणूसही तिथूनच आलाय. पण मग संधी काय फक्त टाळ्या घेणाऱ्यालाच असते? आणि ती द्यायचा अधिकार त्या माईकवाल्याला कुणी दिला?

आठवड्यानं तो आमच्या घरी आला. बरोबर त्याचा पुतण्या होता. मी पाणी दिलं, वांग्याची भाजी केली नाही. तो म्हणाला, "मामा, झालं गेलं. परत या गाडीवर."

हे काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हदगावला जाऊन आलात का?"

"कुठं?"

"त्यांच्या घरी."

तो खाली बघायला लागला. आमचे हे सुटल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला घेऊन त्या घरी गेले होते. मापाड्याच्या बायकोनं आम्हाला बसा म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं. आम्ही अंगणात उभे राहिलो, हे रडले, आणि आम्ही परत आलो. तेवढंच झालं होतं.

"वकील म्हणाले होते जाऊ नका म्हणून," तो म्हणाला. "आता जाऊ. मामी, तुम्ही चला, त्या तुम्हाला वळखतात."

मी हो म्हटलं. यांनाही घेतलं.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. बाई कापूस वेचून नुकतीच आली होती, ओटीत अजून कापूस होता. या वेळी तिनं सतरंजी टाकली. पुतण्यानं खिशातून मोबाईल काढून समोर धरला.

"माय, ह्याला सांग, ते खिशात ठेव," ती मला म्हणाली.

त्यानं मोबाईल ठेवला. मग खेळाडू बोलायला लागला. तीन वर्षं कशी काढली, गुडघा कसा दुखतो, संघानं कसं काढून टाकलं, आई कशी झुरली. तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. माझा संताप होत होता. शेवटी तो म्हणाला, "मला माफ करा."

"एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "तुमी गाडी नेली तवा माझा माणूस जित्ता होता का?"

कोर्टात हा प्रश्न कितीदा, किती तऱ्हांनी निघाला असेल. तिला कुणी सरळ सांगितलं नव्हतं.

त्यानं मान वळवली आणि यांच्याकडं पाहिलं. बाभळीखाली पाहिलं असेल तसंच. मामा, तुम्ही सांगा.

आणि यांनी सांगितलं. "हाव. जित्ता होता. मी मागं वळून पाहिलं. त्यानं हात उचलला होता. मी स्टिअरिंग धरायला पाहिजे होतं. धरलं न्हाई."

मलाही हे तेव्हाच कळलं. इतक्या वर्षांत यांनी मला हात उचलल्याचं सांगितलं नव्हतं. बाई बराच वेळ ओटीतला कापूस चिवडत राहिली. मग म्हणाली, "डाक्टर म्हणले होते, जागीच गेला. तवाच मला पटलं नव्हतं." यांना ती म्हणाली, "तुमी चहा घिऊन जा." त्याला ती काही म्हणाली नाही. तो बाहेर गाडीजवळ जाऊन उभा राहिला. आम्ही चहा घेतला, आणि निघालो ते चालत फाट्यावर जाऊन एसटीनं. नांदेडला गाडी बदलली.

तो आता लातूरला एका क्लबात मुलींना कबड्डी शिकवतो. यांनी त्याची गाडी घेतली नाही. निलंग्यातल्या एका तेलाच्या घाण्याच्या मालकानं यांना टेम्पोवर ठेवलंय. तो म्हणाला, काय झालं ते तुमच्याच तोंडून सांगा. यांनी सांगितलं, हात उचलल्यासकट. मालकानं ऐकून किल्ली दिली.

मागच्या महिन्यात अंगणवाडीत एका आईनं मला विचारलं, थोरलीला त्या क्लबात घालू का, तुम्ही त्यांना जवळून ओळखता. खेळ त्याला येतो, पोरीचं पाऊल बघून तो चूक सांगू शकतो, हे मला माहीत आहे. घाला, असं मी म्हणाले. आणि त्या बाईला बसवून हदगावच्या मापाड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. यांनी किल्ली दिली, तेही सांगितलं. आता मला जो कुणी त्याच्याबद्दल विचारतो त्याला मी ती सांगते. ऐकून घ्या, आणि मग हवी तेवढी संधी द्या.