माकडाचं बटण

दुसऱ्याच्या वाटचा खेळ तुम्ही कधी खेळून टाकला आहे का, तोही प्रेमाने? मी हे दर रविवारी पाहते, आणि आता रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

आम्ही काही जण खेळण्यांच्या पोटातून वायर बाहेर काढून तिला तळहाताएवढं बटण जोडतो. ज्या मुलांची बोटं वळत नाहीत, त्यांना ते कोपराने दाबता येतं. काल त्यांतल्याच छोट्या मुक्तासमोर ढोल वाजवणारं माकड ठेवलं. तिचा हात थरथरत बटणाकडे निघाला. तो अर्ध्यावर पोचला तोच तिच्या मावशीने बटण दाबलं. माकडाने ढोल बडवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ, किती छान वाजवलंस," मावशी म्हणाली.

"मी कुठे? तूच वाजवलंस," मुक्ता अडखळत म्हणाली. "तुला खेळायचं असेल तर माझं झाल्यावर घे."

मावशी हसली, मग ओशाळून मागे सरकली.

अशा मुलांच्या हक्कांवर मी कितीतरी पत्रकं लिहिली. त्यांत शत्रू नेहमी दूर कुठेतरी खुर्चीवर बसलेला असायचा. मायेने पुढे येणाऱ्या या हाताविरुद्ध घोषणा तरी काय द्यायची?

मुक्ताचा हात पुन्हा निघाला. वेळ लागला. तेवढा वेळ गप्प बसणं खोलीतल्या एकालाही सोसवत नव्हतं. शेवटी कोपर टेकलं, ढोल वाजला आणि लगेच टाळ्याही.

"गप्प बसा ना," मुक्ता म्हणाली. "मला ऐकू दे."

असा हात तुमच्यासमोर निघेल, तेव्हा तुमचे हात मांडीवर ठेवा. तो पोचेपर्यंत थांबा.