दोघी मावतील एवढा टॅब

वयनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात देवासाठी वळायला घेतलेली अबोलीची अर्धी फांत, म्हणजे माळ होती. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. डिचोलीला लेकीकडे राहायला गेली होती, तिथेच सकाळी छातीत कळ आली. "काकी, आई गेली," एवढंच पुतणी म्हणाली. मी फोन खाली ठेवला आणि पुढच्या फुलासाठी हात समोर केला... वयनी डिचोलीला गेल्यापासून एकटीच फांती वळत होते, तरी हात तेव्हाच समोर गेला.

कोरगावला आमच्या घराच्या सोप्यावर दुपारी आम्ही समोरासमोर पाटांवर बसायचो. ती फुलं जुळवून पुढे करायची, मी केळीच्या दोऱ्याने गाठ मारायची. मधे भिंतीपाशी तांब्याला टेकवलेला मोबाईल. त्यावर तिचा मुलगा उदय दुबईहून बोलायचा. मोबाईलमध्ये वयनी दिसायची, मी मागे सरकायची. मला लाज वाटते, लग्नाच्या फोटोतही मी मान खालीच घातलेली आहे. मग उदय म्हणाला, टॅब घेऊया, म्हापशाला जाऊन लहान की मोठा ते ठरवा.

दुकानात वयनीने दोन्ही हातात घेऊन, सूप धरावं तसे हलवून पाहिले. दुकानदार म्हणाला, "मोठा जड पडेल, बाई."

"धरूचो कोणी? आमचे हात फुलांत," ती म्हणाली. मग लहान टॅब माझ्यापुढे केला. "ह्या एवढ्याशात आमची दोघींची तोंडां मावतली काय गो?"

"माझां तोंड कोणाक बघूचां आसा? लहानच बरो."

"म्हणानच मोठो घेऊया. मोठ्यात तुका लपाक जागा मेळची नाय."

दुकानदार समजावत होता की माणसं दोन्हीत सारखीच मावतात, फक्त बारीक-मोठी दिसतात. "बारीक दिसली तर ही आणखीनच लपतली," वयनी म्हणाली. मी हट्ट सोडला नाही, तिनेही नाही. काही न घेताच परतलो. बसमध्ये म्हणाली, डिचोलीहून आल्यावर ठरवूया...

सुतकात देवाची फुलं हाताळायची नाहीत. अबोली झाडांवर फुलून गळत राहिली आणि माझ्या हातांना काम उरलं नाही. घासलेली भांडी पुन्हा घासायची, अंगण पुन्हा झाडायची, बसले की उठायची. उदय क्रियेला आला होता. जायच्या आधी त्याने विचारलं, "काकी, टॅब कुठचो घेऊ?" मी विहिरीवर गेले, भरलेली घागर पुन्हा भरून आणली. एकटीला लहान पुरे, मलाही तोच हवा होता. पण तसं म्हटलं की मी एकटी हे ठरूनच गेलं असतं... "मोठो," मी म्हटलं.

आता पुन्हा फांती वळते. फुलंही मीच जुळवते, म्हणून गाठी सैल पडतात. टॅब तिथेच, भिंतीपाशी तांब्याला टेकवून, दोन्ही पाटांच्या मधे आडवा ठेवते. उदय म्हणायचा, "काकी, तू एका बाजूक दिसतस. टॅब तुझ्याकडे फिरव गो." मी फिरवत नाही. मागेही सरकत नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा पाट. हल्ली तोही फिरवायला सांगत नाही. बोलता बोलता त्याचे डोळे तिच्या पाटाच्या बाजूला जातात.