कुंदानं पोचवलेला निरोप

कुंदा गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी औरंगपुऱ्यात रिक्षात बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण रिक्षावाल्यानंच विचारलं, "बाजू में लेऊं क्या, मॅडम?" त्या फोनला आता दोन महिने होत आले. कुंदावर लिहायला बसले आहे खरी, पण रडगाणं गाणार नाही. तिला ते चाललं नसतं. आणि खरं सांगायचं तर, गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मैत्रीण गेल्यावर असं वाटावं हे विचित्रच... म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती सिल्लोडच्या एका शिक्षकाची मुलगी, मी शहरातल्या कारकुनाची. तिनं कीटकशास्त्र घेतलेलं, मी वनस्पती रोगशास्त्र. तिच्या पलंगाखाली बरण्यांमध्ये अळ्या वाढायच्या आणि माझ्या टेबलावर काचेच्या बश्यांत बुरशी, त्यामुळे आमच्या खोलीत चहाला कुणी येत नसे. पिवळं पान दिसलं की मी रोगाचं नाव सांगून मोकळी व्हायची, ती मात्र पान उलटं करून मावा, तुडतुडे शोधत बसायची. "तुमच्या रोगांना गावभर फिरवतं कोण? आमचे किडेच ना?" हे तिचं ठरलेलं वाक्य. भांडण रोजचं होतं, अबोला मात्र कधी संध्याकाळपलीकडे टिकला नाही. बरोबरीचे बरेचजण पुढे औषध कंपन्यांत नाहीतर बँकांत गेले. आम्ही दोघी शहरातल्या एका पीक सल्ला केंद्रात लागलो, शेजारशेजारच्या टेबलांवर.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर कशाबशा तग धरून होत्या. करमाडच्या रावसाहेबांनी मला बाग दाखवायला नेलं. पानं पिवळी, फळं बारकी, शेंडे वाळत चाललेले. मी बांधावरूनच ओळखलं, म्हणजे ओळखलं असं मला वाटलं. ग्रीनिंग रोग. ह्या रोगाला औषध नाही. मी पानांचे नमुने तपासणीला पाठवले, पण निकालाची वाट न बघताच सांगून टाकलं की बाग उपटा, नाहीतर शेजारच्यांच्याही बागा जातील. दहा-बारा वर्षं पोराबाळांसारखी वाढवलेली झाडं होती. रावसाहेबांनी फक्त टोपी काढून परत घातली.

संध्याकाळी हे मी कुंदाला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "ग्रीनिंग पसरवणारी सिला कीड दिसली का तुला? आणि मुळं उकरून बघितलीस?" मी दोन्ही केलं नव्हतं. चूक दाखवली की माझा पारा चढतो, तसा तो तेव्हाही चढला. मी म्हणाले, "माझ्या विषयात नाक खुपसू नकोस." ती बरं म्हणाली आणि आपली लुना काढून घरी गेली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. रोगाचा मागमूस नव्हता. झाडं तहानलेली होती आणि उपाशी होती, बस. कागद हातात घेऊन मी तशीच करमाडची बस धरली. बागेजवळ आल्यावर खिडकीतून दिसलं ते असं, की रस्त्याकडेला जेसीबी उभा आहे आणि मोसंबीची झाडं मुळं वर करून आडवी पडली आहेत. मी मान फिरवली. उतरलेच नाही. पुढच्या थांब्यावर उतरून परतीच्या बसनं घरी आले आणि महिन्याभरात नोकरी सोडली. घरी सांगितलं, धूळ सोसत नाही.

पुढे मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले, जिथं शेतकऱ्याचं तोंड दिसत नाही. करमाडच्या बाजूला कारखाने आले, शेतांचे प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या. ती बाग तेव्हा वाचली असती तरी आज राहिली नसतीच, अशी मी मनाची समजूत घालायची. जालना रस्त्यानं जायची वेळ आली की बागेजवळच्या तेवढ्या पट्ट्यात डोळे मिटून घ्यायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुंदालाही नाही, आणि तिला तर बाकी सगळं सांगत होते.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक म्हातारे गृहस्थ मोसंबीची पिशवी घेऊन आले होते. टोपीवरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं. करमाडचे रावसाहेब. तेच जवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी त्या टायमाला निरोप धाडला नसता तर ही मोसंबी आज नसती."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी जाऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंदा लुनावरून तिथं पोचली. म्हणाली, रोगाच्या मॅडमनी धाडलंय, त्यांना शंका आलीय, उपटू नका. तिनं मुळं उकरून बघितली. कडेच्या वाळलेल्या दोन ओळी, जेसीबी मिळेल तेव्हा, काढायला लावल्या, म्हणजे टँकरचं पाणी बाकीच्या झाडांना पुरेल, आणि त्यांच्या बुडाशी पाचट अंथरून घेतलं. बसमधून मी पाहिल्या त्या याच दोन ओळी. त्यामागची अख्खी बाग उभी होती.

नाक खुपसू नकोस म्हटलं होतं ना, म्हणून तिनं सगळं माझ्या नावावर केलं. माझी चूक मला कळलेलीच नाही अशा समजुतीत ती मला जपत राहिली, आणि मी तिच्यापासून लपवत राहिले. दोघी शहाण्या! त्या दिवशी मी पिशवी पोटाशी धरून भर कार्यक्रमात हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं कुंदासाठी. कुंदासाठी होतंच, पण सुटल्याचंही होतं.

गेल्या आठवड्यात करमाडला गेले. सगळीकडं पत्र्याची गोदामं, मध्ये तेवढी बाग. काही झाडं जुनी, काही नंतर लावलेली. कुंदा दर वर्षी तोडणीला येऊन जायची, हे मला तिथं कळलं. रावसाहेबांनी शेडमधल्या खुंटीवरची सुती टोपी काढून माझ्या हातात दिली. "कुंदा मॅडमची हाय. इथंच ठेवायच्या. ऊन लई हाय, घाला."

मी टोपी घातली आणि सांगून टाकलं, "रावसाहेब, तो निरोप मी धाडला नव्हता. मी तर उपटा म्हणूनच सांगून गेले होते."

त्यांनी जवळच्या झाडाची वाळकी काडी मोडून घेतली. मग म्हणाले, "म्हंजी मॅडम खोटं बोलल्या." काडी बांधावर टाकत म्हणाले, "लई चांगलं केलं."

ते पुढं निघाले. कुंदाची टोपी मला सैल होते. दर दोन झाडांनी ती सावरत मी त्यांच्यामागं शेवटच्या ओळीपर्यंत गेले.