तपकिरीच्या कुप्या आणि इंदूताई

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. इंदूताईंची मुलगी मीरा एवढंच म्हणाली, "मावशी, शी इज गॉन." त्याला दीड महिना झाला. या काळात "बिचाऱ्या" हा शब्द इतक्यांदा ऐकला, की आता लिहायलाच हवं. इंदूताई बिचाऱ्या नव्हत्या.

अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलात त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. नवरा अकाली गेला, तरी भारतात परत जायचं त्यांनी नाव काढलं नाही. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास एका जुन्या घराच्या सेलमध्ये त्यांना तपकिरीची चिनी कुपी मिळाली. मुठीत मावेल एवढी, मधाच्या रंगाच्या अकीक दगडाची. दगडात मुळातच काळपट डाग होता. कोरणाऱ्यानं त्याचं माकड केलं होतं, घोड्याच्या पाठीवर बसलेलं. "डाग लपवला नाही गं त्यानं," त्या म्हणाल्या, "पुढे आणून बसवला." मग मांजराची कुपी आली, वटवाघळाची आली, बगळ्याची आली... आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झाली. एक काकू तोंडावर म्हणाल्या, "विधवा बाईनं तपकिरीच्या डब्या जमवायच्या?"

"मग काय, कुंकवाचे करंडे जमवू?" इंदूताईंनी विचारलं.



एकदा संग्राहकांच्या मेळाव्याला मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. तिथल्या एका जाणकारानं ती माकडाची कुपी दोन बोटांत धरली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, हा डाग रंगवलेला आहे. कशावरून, असं इंदूताईंनी विचारलं. "अनुभवावरून, मॅडम." दुसऱ्या दिवशी त्या मायक्रोस्कोप घेऊन आल्या आणि त्याच्याच टेबलावर मांडला. वरून दिलेला रंग बारीक भेगांत साठतो. इथे भेगा स्वच्छ होत्या, आणि काळा रंग दगडाच्या पट्ट्यांबरोबर खोल गेला होता. बघायला रांग लागली. शेवटी तोही वाकला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "माझी चूक झाली." इंदूताईंनी मायक्रोस्कोप आवरला. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "आता रडले तर चालेल ना गं?"

कॅन्सर निघाला तेव्हा स्वतःच्या पेशींची स्लाइड त्यांनी हट्टानं मागून घेतली. सहकारी नको म्हणत होते. "जन्मभर लोकांच्या पाहिल्या, माझीच का नको?" पाहिली, रिपोर्टवर मान डोलावली, आणि पुढचे आठ महिने कामावर गेल्या.

परवा मीराकडे गेले. कुप्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी होत्या. तिची चार वर्षांची लेक वटवाघळाची कुपी हातात घोळवत होती. "अगं, फुटेल!" मी ओरडले.

"लेट हर, मावशी," मीरा म्हणाली. "आई म्हणायची, शंभर हातांतून फिरली म्हणून तर इतकी गुळगुळीत झाली."

पोरीनं ती कुपी माझ्या हातावर ठेवली. तिच्या मुठीनं ती चांगली उबदार झाली होती. मी लगेच परत दिली नाही.