खोडलेल्या ओळी

धुळ्यात कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी माझा ताऱ्यांवरचा प्रबंध वाचून दाखवायचो आणि त्या टाइप करायच्या; हस्तलिखित रात्री त्यांच्याकडेच राहायचं. काही खटकलं की बोटं कळांवर अधांतरी धरून थांबायच्या.

वेगाने फिरणाऱ्या काही तप्त ताऱ्यांभोवती वायूची चकती असते. तिच्या प्रकाशाच्या आलेखात दोन सारखे उंचवटे यावेत, असं माझं गणित सांगत होतं. काही नोंदींत मात्र एक उंचवटा मोठा होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या नोंदी ‘यंत्राचा दोष’ म्हणून खोडायला लावल्या. चकती एका बाजूला दाट असली तर असंच दिसणार, हे सरांना कळत होतं आणि मलाही.

माझ्या हातातल्या कागदाकडे बघत बाई थांबल्या. “या ओळी का खोडल्या?”

“जुळत नाहीत.”

“न जुळणारं खोडलं तर बठ्ठं जुळणारच की, भाऊ. त्यासाठी एवढं शिकायला कशाला लागतं?”

“तुम्ही टाइप करा,” मी ओरडलो. सरांसमोर जो आवाज फुटला नाही, तो या बाईंवर फुटला. त्याची आजही चीड येते.

शेवटच्या दिवशी प्रबंधामागे एक जास्तीचा कागद निघाला. खोडलेल्या सगळ्या नोंदी त्यांनी आपणहून टाइप केल्या होत्या.

“लावायचा तर लावा,” त्या म्हणाल्या.

मी तो त्यांच्यासमोरच फाडला. मला पदवी मिळाली.

त्या कार्बन लावल्याशिवाय काहीच टाइप करत नसत. म्हणजे त्या कागदाची दुसरी प्रत त्यांच्याकडे असणार. मी आता राहतो त्या जळगावहून धुळं काही लांब नाही, पण ती मागायला मी कधीच गेलो नाही.